आधी पाटी वाच

ठाकुर्लीची रंगूबाई कल्याणच्या निर्वासित छावणीत भाजी विकायला जायची. सिंधमधून आलेल्या तिथल्या बायांनाही वर्तमानपत्र वाचताना बघून तिला नवल वाटायचं. तिथले परसराम आजोबा तर नातीला, जमनाला, वाटेतली प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकू देत नसत.

आज उन्हात पोर रडकुंडीला आली, तेव्हा रंगूबाईला राहवेना. "सोडा की तिला, बाबा! तुमच्यात समदीच शिकलेली. ही पण शिकंल."

"सगळे कुठे, बाई? कराचीला ऐन वेळी बोटीचा धक्का बदलला. तशी पाटी लावली होती. ज्यांना वाचता आली, तेवढेच आम्ही आलो."

बोलता बोलता त्यांनी जमनाला पुढच्या पाटीसमोर उभं केलं.



"मागून येणारी हिची आई आधीच्याच धक्क्यावर वाट बघत राहिली."