दचकणारे खांदे

बाईंचे खांदे उडाले आणि मास्तरांनी वहीत तिसरी रेघ मारली. तीन दचके. हा सिनेमा घ्यायचा.

शनिवारी थिएटरमध्ये रात्रभर भुताचे चार सिनेमे लागणार होते. ते निवडायचा मान दरवर्षीप्रमाणे मशीन चालवणाऱ्या मास्तरांचा. मान कसला, यंदा परीक्षाच होती. नवा मॅनेजर स्वभावानं चांगला, पण त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "काका, ऐकू येत नसेल तर मशीन तुमच्या हाती ठेवता यायचं नाही." मास्तर हसले होते. "माझे कान? अहो, मुंगी शिंकली तरी कळतं मला!"

शुद्ध थाप होती. वर्षभरात कान पार गेले होते. समोरच्याचे ओठ दिसले की बोलण्यापुरतं भागायचं. पण भुताच्या सिनेमाचा सगळा जीव आवाजात. दार करकरतं, जिन्यावर पाऊल वाजतं, तेव्हा कुठे माणूस दचकतो. मास्तरांना दिसायचं नुसतं दार आणि नुसता जिना. त्यात घाबरायचं काय, कपाळ!

म्हणून त्यांनी शक्कल काढली. निवडीसाठी मॅनेजर स्वतः मशीन चालवून सिनेमे दाखवायचा, तेव्हा दारावर तिकिटं फाडणाऱ्या बाई मास्तरांच्या पुढच्या रांगेत बसायच्या. मास्तर पडदा कमी आणि बाईंचे खांदेच जास्त बघायचे. खांदे उडाले की समजायचं, आवाज जबरदस्त. बाई भित्री आहे म्हणून आपलं निभावतंय, असं ते मनाशी म्हणायचे.

तीन सिनेमे ठरले. चौथा सुरू झाला. जिना आला, अंधार आला, बाई ढिम्म. दहा मिनिटं झाली तरी खांदे जागचे हलेनात. तेवढ्यात दिवे लागले, मॅनेजर मशीनच्या खोलीतून खाली आला आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काका, आवाज कसा वाटतोय?"

मास्तरांनी "झकास" म्हणायला तोंड उघडलं. मॅनेजरच्या पाठीआडून बाईंनी वळून पाहिलं. कानावर बोट ठेवून त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"आवाज? कुठला आवाज?" मास्तर गरजले. "मुका सिनेमा दाखवताय होय मला? दहा मिनिटं वाट बघतोय, आता येईल, मग येईल!"

मॅनेजरनं जीभ चावली. "कॉपीतच आवाज आलेला नाही, काका. आत्ताच लक्षात आलं माझ्या. तुमचे कान शाबूत आहेत. मीच उगाच शंका घेतली, माफ करा हं." तो दुसरी कॉपी मागवायला धावला.

मास्तर बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"बाई, कधी कळलं तुम्हाला?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट तोंड केलं आणि त्या सावकाश बोलल्या. "पहिल्याच सिनेमाला. मागे पाहिलं, तर पडद्यावर दार करकरतंय आणि तुमची नजर माझ्या पाठीवर."

मास्तरांचे डोळे भरून आले. "माझी नोकरी वाचवलीत हो. आणि मी मेला तुम्हाला भित्री समजत होतो."

"भित्री? मी?" बाईंना हसू आवरेना. "अहो मास्तर, बावीस वर्षं या भुतांच्या दारात उभी आहे. आवाज आला की तुमच्यासाठी दचकते, झालं."