ओल्या मातीतली पावलं

मंठ्याजवळच्या त्या वननिवासात सकाळचं ऊन कधी घाईनं उतरत नसे; आधी ते पळसाच्या शेंड्यांवर टेकायचं, मग माळाच्या पिवळ्या गवतावरून ओघळायचं आणि अखेर पाणवठ्याच्या काठाशी येऊन थांबायचं. तिथली ओली माती सूरज रोज संध्याकाळी झाडून सारखी करून ठेवी. सकाळी तिच्यावरचे ठसे वाचायचे आणि पाहुण्यांसाठी फळ्यावर प्राण्यांची नावं लिहायची, हे त्याचं काम.

गेले चार दिवस तो ‘कुत्रा’ लिहीत होता.

“आजबी कुत्रंच का रे?” स्वयंपाकीण तुळजाबाई हसली. “मंग त्याच्या भ्यानं हरणं पाण्यावर का येऊन न्हाई राह्यली?”

“कुत्रंच हाय, मावशी.”

दुसरं नाव त्याला लिहवत नव्हतं. या माळावरची शेवटची लांडगीण त्यानं स्वतःच्या हातांनी पुरली होती आणि पुन्हा आशा धरायची नाही, असं त्या दिवशीच ठरवलं होतं. पण हे ठसे पाण्याकडे जात नव्हते. ते पाण्यातून बाहेर येत होते. रोज वीतभर पुढे.

तो काठाशी उकिडवा बसला. समोरच्या गुळगुळीत मातीत एक ठसा उमटला. मग दुसरा. काठावर कोणीही नव्हतं. त्यांच्यामागून इवले इवले ठसे उमटू लागले, एकमेकांना ओलांडत, धडपडत, खेळत.

त्याच्या हाताला ओलसर नाक लागलं, आणि त्यामागून ऊबदार श्वास. त्यानं हात मागे घेतला नाही.

माळावर लांडगे परत आले होते.