शेपटीची पिन

या, असे जवळ सरकून बसा, दोन सख्ख्या भावांची गोष्ट सांगतो. थोरला छोटं विमान चालवायचा, धाकटा त्याच विमानाचा मेकॅनिक, आणि दोघांत वर्षभर अबोला. उभ्या विमानाची शेपटी वाऱ्याने हलू नये म्हणून तिला पिन लावतात. उड्डाणाआधी मेकॅनिकने ती काढून वैमानिकाला दाखवायची, असा नेम. थोरल्याला धाकट्याचं तोंडच बघायचं नव्हतं. त्या सकाळी पिन निघायच्या आतच त्याने विमान धावपट्टीवर पळवलं. शेपटी अडकलेली, ते वर उठलंच नाही. धावपट्टीपलीकडच्या भिंतीवर आदळून पेटलं.

"मुद्दाम ठेवली त्याने पिन," इस्पितळात थोरला चौकशी अधिकाऱ्याला म्हणाला. "डूख धरून होता."

अधिकाऱ्याने विमानातल्या रेडिओवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावलं. धाकट्याचा आवाज आला, "दादा, थांब, पि..."

"पुढचं ऐकवा की."

"पुढे काही नाही. तुम्ही तिथेच रेडिओ बंद केलात."

थोरल्याने तोंड फिरवलं. "बाहेर बसलाय ना तो? हाकला त्याला."

मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या धाकट्याची आठवण ठेवा. थोरल्याला आगीतून ओढून काढताना त्याचे दोन्ही हात भाजलेत. त्याला ते जोडता येत नाहीत.