हात न लावता

मुलांनो, कल्पना करा. साल १९६५. बोटीवरचा खलाशी धोंडू क्वालालंपूरच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत सेपाक टकरॉ पाहून मालवणजवळच्या आपल्या गावी आलाय. वेताचा चेंडू जाळीपलीकडे उडवायचा, हात मात्र लावायचा नाही.

चेंडू विणला दहा वर्षांच्या तुळसाने. तिला खेळायचंही होतं, पण तिच्या वाडीची शिवाशीव गावाला चालत नसे. खोत म्हणाले, "तू लांब रव गो. चेंडू चलतलो, तेका हात खंय लावचो आसा!"

शेजारच्या गावाशी सामना रंगला. शेवटचा गुण खोतांच्या सत्यवानाने उंच उडी घेऊन, चेंडू डोक्याने मारून मिळवला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या खोतांनीच वाजवल्या.



तुळसा थेट मैदानात शिरली. "खोतांनू, आता माका खेळूक घेतास, काय सत्यवानाक न्हावक धाडतास?"