सातवा नियम

पुरस्काराच्या अर्जातला सातवा नियम मुख्याध्यापिकांनी मला दोनदा वाचून दाखवला: समुपदेशिका मुलांशी बोलताना परीक्षक खोलीत बसून बघतील, फोटो काढतील. दोन्ही वेळा मी नकार दिला. तरी आज परीक्षक आलेच. तेव्हा माझ्यासमोर आठवीतली मुलगी होती. गप्प बसणाऱ्या मुलांसाठी मी बोथट पेन्सिलींचा डबा ठेवते; तीन आठवडे ती नुसती टोकं काढत होती. आत्ता पहिल्यांदाच म्हणाली, "बाई, घरी..." तेवढ्यात दार वाजलं. तिने पुन्हा पेन्सिल उचलली. "उघडा, पाहुणे खोळंबलेत!" बाहेरून मुख्याध्यापिका ओरडल्या. मी आतून कडी घातली. "अहो, हातचा पुरस्कार घालवताय!" मी टेबलावर पडलेला अर्ज घेतला, सातव्या नियमावर फुली मारली आणि दाराखालून बाहेर सरकवला. कुजबुज झाली, पावलं लांब गेली. "बाई, बक्षीस गेलं?" "गेलं उडत." तिने पेन्सिल खाली ठेवली. "मग सांगते."