काचेपलीकडची खुर्ची

"ताई, तुमची खुर्ची मला द्या आणि तुम्ही काचेपलीकडे जाऊन बसा," काचेमागून उठून आलेल्या बाई मुलीच्या आईला म्हणाल्या, आणि सहीसाठी उचललेलं पेन समुपदेशकाच्या हातात तसंच राहिलं.

सही तेवढी उरली होती. पाच बैठकांचा निष्कर्ष त्याने नुकताच सगळ्यांना वाचून दाखवला होता. चौदा वर्षांची मुलगी तीन महिने शाळेत जात नाही. रोज सकाळी पोट दुखतं, आणि डॉक्टरांना पोटात काही सापडत नाही. म्हणजे आई घरी हवी म्हणून ते पोट दुखतं. उपाय एकच, आईने नोकरी सोडावी. पुरावाही भक्कम होता. प्रत्येक उत्तराआधी मुलगी आईकडे बघायची, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वडिलांनी तर लगेच मान डोलावली.

आई एका रुग्णालयात एक्स-रे काढायची, अठरा वर्षं. सांगितलं तसं तिने आधी रात्रपाळी सोडली, मग रविवार सोडला, मग चालून आलेली बढतीही सोडली. पोट काही ऐकेना. आज ती राजीनामाच लिहून घेऊन आली होती. माझंच कुठेतरी चुकलं असणार, असं ती दर बैठकीत म्हणायची, आणि समुपदेशक ते इमानेइतबारे टिपून घ्यायचा.

बाईंनी त्याला आधी बाहेर बोलावून घेतलं. ही खोली, ही एका बाजूनेच दिसणारी काच, मागच्या अंधाऱ्या खोलीतला फोन, हे सगळं बाईंनीच तीस वर्षांपूर्वी उभं केलेलं. शहरातले निम्मे समुपदेशक त्यांच्या हाताखालून गेलेले. फोन वाजला की पलीकडून येईल तो प्रश्न मुकाट विचारायचा, हा नियमही त्यांचाच. त्यांच्यापुढे ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. पण आज तो बोलला. जिची चूक आहे तिलाच निरीक्षणाला बसवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

"पाच बैठकांत आपण तिला एकाहत्तर प्रश्न विचारले," बाई म्हणाल्या. "नवऱ्याला चार. त्यातला एक 'पंखा लावू का' हा होता. आणि असंच विचारायला तुला मीच शिकवलंय. तीस वर्षं मी काचेमागे बसून आयांच्या चुका शोधल्या. आता तिथे तिला बसू दे. त्या मुलीला ती चौदा वर्षं बघतेय, आपण पाच तास."

आपण चुकलो हे इतक्या सहज, चष्मा पुसता पुसता सांगणारं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं. मनातून तो वैतागलाही होता, कारण निष्कर्ष लिहायला त्याला दोन रात्री लागल्या होत्या.

आईला काचेमागे बसवून, तिथला फोन दाखवून बाई तिच्या खुर्चीत बसल्या, वडिलांच्या शेजारी. वडिलांनी हसून विचारलं, हा काय नवा खेळ? खेळच म्हणा, असं बाई म्हणाल्या. समुपदेशकाने मुलीला नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. सकाळी कधी उठतेस, काय खातेस, पोट कधी दुखायला लागतं. मुलगी थांबायची, समोरच्या दोन खुर्च्यांकडे बघायची आणि एका शब्दात उत्तर द्यायची. सगळं कसं अगदी मागच्यासारखंच चाललं होतं. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

फोन वाजला. त्याने तो सवयीने कानाला लावला.

"सर, ती माझ्याकडे बघत नव्हती हो," आईचा आवाज कापत होता. "मी तिथे नाहीये, तरी ती तिकडेच बघते. ती ह्यांच्याकडे बघते."

त्याने समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. दोन खुर्च्या एकमेकींना खेटून ठेवलेल्या, आणि त्याने पाच आठवडे त्यातल्या एकाच खुर्चीवर खापर फोडलं होतं. तिकडे आई भराभर बोलत होती. आवाज आता कापत नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सांभाळणारी आया तीन महिन्यांपूर्वी काम सोडून गेली. तेव्हापासून दिवसभर शेजारच्या काकू येऊन बसतात, असं नवरा सांगतो. मुलगीही हो म्हणते. आणि ती स्वतः घरी पोचते ती संध्याकाळी. रोज आपल्याच चुका उगाळत बसल्यामुळे दुसरीकडे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"तिला विचारा, आजोबांजवळ कोण बसतं. आणि ह्यांना मधे बोलू देऊ नका."

नियमाप्रमाणे त्याने प्रश्न जसाच्या तसा विचारला. वडील घाईघाईने पुढे सरकले, काकूंचं नाव घ्यायला लागले. समुपदेशकाने हात वर केला. आजवर त्याने त्या माणसाला एकदाही अडवलं नव्हतं. बाई जागच्या हलल्या नाहीत, फक्त मुलीकडे बघत राहिल्या.

मुलीने वडिलांकडे पाहिलं. मग काचेकडे पाहिलं. तिला तिथे स्वतःशिवाय कोणी दिसत नव्हतं, पण आई तिथेच आहे हे तिला माहीत होतं. आणि ती बोलली.

"मी बसते. बाबा म्हणाले, एक तर तू घरी थांब, नाहीतर तुझ्या आईला नोकरी सोडायला लावतो." तिने टेबलावरच्या निष्कर्षाच्या कागदाकडे बोट केलं. "मी थांबले की. तरी तुम्ही तेच का लिहिलंत?"