कोणतं नाव उसवू?

“मग कोणतं नाव उसवू?” दार न वाजवताच आत येत वांडाने विचारलं.

टेबलाभोवतीची चर्चा थांबली. प्रेस्टन कोलने मान वर केली. मिलबर्गच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा मॅनेजर, वय सदतीस, मिलबर्गमधलं तिसरंच वर्ष. वांडा झिमर संघाच्या धुलाईघरात एक्केचाळीस वर्षं होती.

“अजून ठरलं नाही,” तो म्हणाला. “ठरलं की कळवू.”

“पाहुण्यांची विमानं तीन वाजता आहेत. तोवर सही झाली नाही तर दोघंही उद्या दुसऱ्याच्या दारात उभे असतील.”

खरंच होतं ते. गेल्या हंगामात मिलबर्गच्या बचावफळीतून कुणीही यावं नि जावं, अशी दशा झाली होती. सतरापैकी चौदा सामने हरले. आता मार्च उजाडला होता, करार संपलेले खेळाडू मोकळे झाले होते. पगाराच्या ठरलेल्या मर्यादेत मिलबर्गला एकच माणूस घेता येणार होता. ब्रायस स्ट्रँड, सव्वीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. किंवा लॅमोंट डुप्री, वय तेहतीस, उजव्या गुडघ्यावर पट्टा. दोघंही संघाचे पाहुणे म्हणून आले होते, डॉक्टरांनी दोघांनाही पास केलं होतं. प्रेस्टनच्या आकडेवारीतही दोघं जवळजवळ बरोबरीत होते.

मिलबर्गची एक जुनी रीत होती. पाहुणा यायच्या आधी त्याच्या नावाची जर्सी त्याच्या कपाटात टांगलेली असायची. नाव मात्र कच्च्या टाक्यांनी जोडलेलं. सही झाली की पक्की शिलाई. नाही झाली तर अक्षरं उसवायची आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायची, पुढच्या पाहुण्यासाठी. डब्यातलं कुठलं अक्षर कुणाच्या पाठीवरून आलं, हे वांडाला तोंडपाठ होतं.

“माझं ऐकाल तर स्ट्रँडला घ्या,” ती म्हणाली.

गस पाव्हलिक चमकला. बचावफळीचा हा म्हातारा प्रशिक्षक. त्याला डुप्री हवा होता आणि वांडा आपल्याच बाजूने बोलेल असं तो धरून चालला होता.

“तुम्हाला कुणी विचारलंय का?” प्रेस्टन म्हणाला.

“एक्केचाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, पोरा. तरी मी सांगत आले.”

कोणीतरी हसलं. प्रेस्टन हसला नाही. गेल्या वर्षी गावच्या पेपरात छापून आलं होतं की मिलबर्गचा एकुलता एक बरा बचावपटू धुलाईघरातल्या बाईने सुचवलेला. ‘संघ निवडतं शिलाई मशीन’, असा मथळा. तेव्हापासून वांडा जे म्हणेल त्याच्या नेमकं उलट व्हायचं. मैदानावरचं गवत काढू नका म्हणाली, तर महिन्याभरात प्लास्टिकची हिरवळ अंथरली गेली. जुन्या कप्तानाला ठेवा म्हणाली, तर आठवड्यात त्याचा निरोप समारंभ झाला.

“स्ट्रँड गुणी पोरगा आहे,” वांडा म्हणाली. “जर्सी घालून अर्धा तास आरशासमोर उभा होता, किती फोटो काढले! सराव कधी संपतो ते तीनदा विचारलं. घरची ओढ असते बाबा. आणि तो डुप्री? जेवणघरात मिठामिरीच्या बाटल्या मांडून आपल्या पोरांना शिकवत बसला, कोण कुठे चुकलं ते. आपले सगळे सामने पाहून आलाय म्हणे. पाहुण्याने इतकं नाक खुपसावं? आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या संघाकडून इथे खेळायला आला होता, तेव्हाही तसाच. गुडघा भोपळ्याएवढा सुजला, तरी मैदान सोडीना. असल्या हट्टी माणसाला कोण सांभाळणार?”

“वांडा, अगं, तूसुद्धा?” गस म्हणाला.

“तू गप्प बस. तुला म्हातारेच आवडायचे, स्वतः म्हातारा आहेस ना.”

प्रेस्टनने लॅपटॉप मिटला. “हा संघ धुलाईघरातून चालत नाही.”

“त्या डबीतल्या आकड्यांवरही चालत नाही. डुप्रीला घेतलंस तर सगळं गाव हसेल. मी सगळ्यात आधी. घेऊनच दाखव.”

“ही धमकी समजू का?”

“धोबीणबाई कसली धमकी देणार? स्ट्रँडला घे, तो चांगला खेळेल, पेपरवाले माझ्याकडे येतील. मी सांगेन, मीच सुचवला होता.”

प्रेस्टनचे कान लाल झाले. त्याने फोन उचलला. “डुप्रीला वर पाठवा. हो, करार घेऊन या. आणि स्ट्रँडसाठी गाडी काढा.” मग वांडाकडे न बघता म्हणाला, “कोणतं नाव उसवायचं ते कळलं ना?”

“कळलं,” वांडा म्हणाली आणि मान ताठ ठेवून निघून गेली. दार आपटल्याचा आवाज खालपर्यंत गेला.

अर्ध्या तासाने गस धुलाईघरात उतरला. हातात डुप्रीची जर्सी होती. वांडा स्ट्रँडची जर्सी मांडीवर घेऊन बसली होती.

“माझा माणूस मला मिळाला,” गस म्हणाला. “तुझी कृपा नसताना. तीस वर्षांची आपली दोस्ती, आणि त्या आरशातल्या पोपटासाठी चारचौघांत मला म्हातारा म्हणालीस.”

“आहेसच की.”

“सही झाली. फोटोवाला चारला येतोय. नाव तेवढं पक्कं करून दे.”

वांडाने स्ट्रँडच्या जर्सीचा एकच दोरा ओढला. सगळं नाव भरभर तिच्या मांडीत गळून पडलं. अक्षरं गोळा करून तिने डब्यात टाकली, झाकण लावलं.

“आहे तशीच घेऊन जा ती,” ती म्हणाली.

“कच्च्या टाक्यांवर? पहिल्याच झोंबाझोंबीत नाव गवतात पडेल.”

“गवत कुठे राहिलंय?”

गसने चिडून जर्सी उलटी केली. पाहुणे यायच्या आदल्या दिवसापासून ती डुप्रीच्या कपाटात टांगलेली होती, आत्ताच त्याने स्वतःच्या हाताने खाली काढली होती. डुप्रीच्या नावामागे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मशीनची पक्की दुहेरी शिलाई होती.